कबरीच्या जागेचा भाव

आमच्या दफनभूमीतला निंब फुलला, की त्या वासाबरोबर एका रविवारचा शास्त्राभ्यास आठवतो. त्या आठवड्याचा भाग असा: सारा वारते, तिच्या कबरीसाठी अब्राहाम जमीन मागतो; मालक फुकट देऊ करतो, तरी तो चारशे शेकेल चांदी तोलून देतो. "का?" पाळकांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "नम्रता." शेजारी बसलेल्या बड्या शेतकऱ्याकडे पाहून ते ओशाळवाणं हसले. दफनभूमीची जागा या शेतकऱ्यांनीच 'दान' दिलेली, म्हणून मंडळी त्यांना 'दाते' म्हणायची; पण ते कागद करून देत नव्हते. माझी आई नुकतीच विधवा झालेली. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "नम्रता कायची? फुकट देल्लं वावर उद्या देणाऱ्याचं पोरगं परत मांगते. याच्या बापाले तिथंच ठेवलं हाय." दाते हसले. "लाखाची जागा हाय वयनी, पण तुमच्या-माझ्यात लाख म्हणजे काय!" मी पुस्तकात बोट ठेवून म्हणालो, "त्या मालकाचंही हेच बोलणं लिहिलंय: चारशे शेकेलची जमीन, पण तुमच्या-माझ्यात ते काय!" दाते खूश झाले. "पाहा, मी शास्त्रातलंच बोलून राह्यलो!" आई म्हणाली, "मंग भाऊ, लाख घ्या अन् खरेदी करून द्या." त्यांनी खरेदीखत करून दिलं. आजही मंडळी त्यांना दाते म्हणतात. त्या दात्यांना आम्ही एक लाख रुपये रोख दिले, आणि ते त्यांनी दोनदा मोजून घेतले.