काचेवरचं कुंकू

ज्या वर्षी वऱ्हाडात लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, त्या वर्षी अमरावतीत कापूस विकत आणणारा शहाणा एकच होता, चिंतामण भट. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्या उपाशी होत्या, आणि इकडे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. चिंतामणला मात्र कापूस लागे तो काचा गुंडाळायला. त्याचा धंदा तसबिरी काढण्याचा.

रेल्वेच्या मोजणीला आलेल्या एका साहेबाकडे तो दोन वर्षं दुभाष्या होता. साहेबाने परत जाताना जुनी लाकडी पेटी, भिंगांची पितळी नळी आणि विद्या, तिन्ही ह्याच्या गळ्यात घातली. काचेवर कापसापासूनच केलेला एक चिकट रस ओतायचा, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच पेटीत घालायची आणि समोरच्याला सांगायचं, श्वाससुद्धा जपून घ्या. हे चांदीचं पाणी बोटांना लागलं की बोटं काळीठिक्कर पडत आणि पंधरा दिवस राखेनेही निघत नसत. पूजेला बसलेल्या मुलाची ती बोटं पाहून वडील हरिहरभट विचारीत, "देवाला गंध लावतोस का काजळ?"

छाया काढली की आयुष्य घटतं, असं हरिहरभटांचं ठाम मत होतं. आई सत्यभामाबाईचं तसं काही मत नव्हतं, पण मत नसणं तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही. एका दुपारी ते सत्यनारायणाला गेलेले पाहून ती ठसठशीत कुंकू लावून तुळशीजवळ येऊन बसली. म्हणाली, "काढ. ह्यांना सांगू नकोस."

पुढच्या श्रावणात ती तापाने गेली. चिंतामणने काच ट्रंकेच्या तळाशी दडवली. बाबा म्हणतील, तूच घालवलीस. सहा महिने गेले. मग एका सकाळी दर्भ निवडता निवडता म्हणाले, "तुझ्याकडे तिची छाया आहे म्हणे. सिंधू सांगत होती." सिंधू म्हणजे चांदूर बाजाराला दिलेली बहीण; तिच्या पोटात काही राहत नसे. "दाखवशील?"

हरिहरभट मागणारे गृहस्थ नव्हते. आयुष्यात हे एकदाच मागितलं होतं. पण काचेवर सगळं उलटं असतं, चेहरा काळा आणि केस पांढरे. ती तशी बाबांना दाखवायची नाही, कागदावर उतरवूनच दाखवायची, असं चिंतामणने ठरवलं. तो कागद मिळे अकोल्याला, एका पारशाच्या दुकानात; तिथेच काच उतरवायची आणि जमल्यास चार तसबिरीही काढायच्या, असा बेत.

काचा फुटू नयेत आणि चोराचंही लक्ष जाऊ नये म्हणून त्याने एक नामी युक्ती काढली. पेटी, नळी, बाटल्या आणि आईची धरून सहा काचा कापसात दाबून बोऱ्यात भरल्या आणि बोऱ्याचं तोंड शिवून टाकलं.

"आता हा कापसाचा बोरा. कोण ढुंकून बघणार?" तो गाडीवानाला म्हणाला.

गाडीवान खुशालराव बैलांशी आणि भटांशी एकाच आवाजात बोलणारा. त्याने बोऱ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि "महाराज म्हंतात तं ठीकच असन," म्हणून गाडी जुंपली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे दुपारी गाडी सोडली. खुशालराव बैलांना पाण्यावर घेऊन गेला आणि चिंतामण सोवळं नेसून खिचडीपाशी बसला. खिचडीला कढ आला तेव्हा त्याने मान वळवली. बोरा नव्हता.

"काच म्हून भरलं असतं महाराज, तं कोनी हात नसता लावला," खुशालराव म्हणाला. "तुमी कापूस म्हून भरलं. आन् तेही या साली."

चिंतामणने खिचडी तशीच खाली उतरवली. पेटी गेली, पोट गेलं, ते पुढचं पुढे. पण सहातली एक काच पुन्हा काढता येण्यासारखी नव्हती, आणि बाबांना काय सांगायचं? तो आपल्या काळ्या बोटांकडे बघत बसला. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की चोराला हवा होता कापूस. म्हणजे बोरा तो उपसणार. चांदीच्या पाण्याची बाटली सांडणार.

"खुशालराव, इथला बाजार कधी?"

"परवा. काहून?"

परवाच्या बाजारात पिंपळाखाली चिंतामणने पंचांग मांडलं. खुशालरावाने आरोळी दिली, की अमरावतीचे महाराज हात पाहून रायले, तेही फुकट. चोर शोधायला एरवी गावभर हिंडावं लागतं. इथे अख्खा बाजार हात पुढे करून रांगेत उभा राहिला. जो तो विचारी, कापसाचा भाव टिकेल ना? चिंतामण सांगे, टिकेल. पुढे लढाई मिटली आणि भाव पडला, तेव्हा ते पाप त्याला मुकाट्याने पदरी घ्यावं लागलं.

उन्हं कलताना एक उंच, पडेल चेहऱ्याचा कुणबी आला. उजवा हात शेल्यात. "भविष्य नोको मले," तो हळूच म्हणाला. "हे डाग जाईन काय, थे सांगा." आणि त्याने काळी पडलेली पाची बोटं बाहेर काढली.

चिंतामणने शेजारी आपला हात ठेवला. माणसाने दोन्ही हात ताडून पाहिले.

"तुमचा होता बोरा?"

"माझा."

"रस्त्यात पडलेला भेटला मले."

"व्हय ना, बापा," खुशालराव मागून म्हणाला. "गाडीतून उतरला, पायी पायी चालत गेला, आन् मंग पडला."

माणसाचं नाव पंजाबराव. त्याने मान खाली घातली. "घरी चला महाराज. बायको तं दोन दिवसापासून रडून रायली. तिचे दोनी हात गेले."

घर जवळच्याच वाडीत. अंगणात पेटी उघडी पडलेली आणि तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. पितळी नळी चुलीशी. फुंकणी समजून नेली खरी, पण दोन्ही तोंडांना भिंगं, म्हणून रागाने टाकलेली. आणि भिंतीशी ओळीने पाच काचा वाळत होत्या, राखेने घासून लख्ख केलेल्या, छपराच्या कवेलूंत उजेडाला बसवायला. एकीवरही माणूस उरला नव्हता.

चिंतामणने काचा पुन्हा मोजल्या. "सहा होत्या," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

पंजाबरावाची बायको पार्बताबाई काळे हात पदराखाली लपवून दाराआड उभी होती. ती आत गेली, जोंधळ्याच्या कणगीत हात घालून कापसाचं एक गाठोडं घेऊन आली.

"हे बी घासालेच घेतली होती मी," ती म्हणाली. "उजेडात धरून पायली तं बाई दिसली. काळी, पन कपायावर कुंकू असं पेटलेलं. म्या म्हटलं, कोनाची तरी सवाशीन हाय. सवाशिनीच्या कुंकवावर राख कशी घासू, माय?"

लाल रंग त्या रसाला दिसतच नाही. म्हणून काचेवर बाकी चेहरा काळा धरला तरी कुंकवाची जागा कोरी राहते आणि उजेड नेमका तिथून येतो. ही धंद्यातली खोड. एरवी चिंतामण तिला शिव्या देई. आज त्याने काच उन्हाकडे धरली आणि ते पेटलेलं कुंकू पाहिलं. मग वाकून पार्बताबाईला नमस्कार केला.

ती घाबरून मागे सरली. "पाप लागन मले. त्यापरीस हाताचं सांगा."

"पंधरा दिवसांत जाईल. माझ्याकडून विद्या नाही, नुसती बोटंच घेतलीत तुम्ही."

पेटीतून कोंबडी उठेना. "राहू द्या जराशीक," खुशालराव म्हणाला. "अंधारात बसून उबवाचं, या पेटीचं कामच थे हाय." शेवटी पार्बताबाईने तिला टोपल्यात हलवली, आणि पेटी पिसांसकट अकोल्याला गेली.

हरिहरभटांनी कागद जवळ धरला, मग लांब धरला. कागदावर कुंकू काळंभोर उतरलं होतं.

"एवढं मोठं लावून बसली होती?"

"तुम्ही सत्यनारायणाला गेला होता."

"मला न सांगता."

"हो."

त्यांनी कागद पुन्हा जवळ धरला. मग म्हणाले, "बरं केलं." काच कशी वाचली, ते त्यांनी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकून उठले, फडताळातून खण आणि नारळ काढला. "हे त्या बाईला पोचव. आणि ही छाया एकाच घरात ठेवू नकोस. पोथीसुद्धा आपण उतरवून दुसऱ्या घरी ठेवतो, एवढं कळत नाही?"

तेव्हापासून चिंतामणने नियमच केला. कोणाचीही तसबीर काढली की एक कागद त्याला आणि एक परगावच्या नातलगाला. लोक म्हणत, भटाला एकाच्या दोन करायची सवय. आईचे कागद त्याने तीन केले. एक बाबांच्या पोथीत, एक सिंधूकडे, आणि तिसरा मूर्तिजापूरजवळच्या त्या वाडीत.

संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बाया जमल्या की पार्बताबाई पहिलं बोट त्या तसबिरीला लावी. कोणी विचारलं, ही कोण, तर सांगे, "पाहुनी हाय. आमच्या कणगीत राहून गेली."