सुभेदाराची हजेरी

दुपारची जेवणं उरकली आहेत. हेमलता तारी ओटीवर सूप घेऊन कुळीथ निवडायला बसते, आणि चार खडे निघतात न निघतात तोच खांबाला टेकलेली तिची मान कलते. डोळा अजून पुरता लागलेला नाही. शेजारणीचा रेडिओ ऐकू येतोय, कुळीथ बोटांना लागतायत. इतक्यात ओटीची लाल जमीन हळूच वर होते आणि तशीच खाली जाते. वेंगुर्ल्याचं घर डुलायला लागलं म्हणजे कोण आलंय हे तिला विचारावं लागत नाही.

"सरक गो जरा," सगुण म्हणतो.

अकरा महिन्यांपूर्वी गेलेला तिचा नवरा. अंगावर नौदलाच्या स्वयंपाक्याचे पांढरे कपडे, हातात दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला तो. सुभेदार. पिवळ्या डोळ्यांचा, दाढीवाला, गळ्यात पितळी बिल्ला. त्याला बघताच हेमलताच्या मस्तकात तिडीक जाते.

हा सुभेदार म्हणजे सगुणच्या जहाजावरचा बोकड. आणला होता मेजवानीला कापायला. पण रसदीच्या यादीत लिहायचा तो कारकुनाने खलाशांच्या हजेरीत लिहून ठेवला, आणि हजेरीत नाव चढलेल्याला कापणार कोण? सुरी सगुणच्या हातात होती. त्याने ती मुकाट्याने कांद्यांना लावली. पायदळातल्या लोकांना डिवचायला म्हणून खलाशांनी बोकडाचं नाव सुभेदार ठेवलं. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पत्रात आधी बोकडाची खुशाली असे आणि मग बायकोची चौकशी.

तेही तिने सोसलं. पण इस्पितळातल्या शेवटच्या दिवशी ती चहा आणायला खाली उतरली, आणि वर येते तो सगळं आटोपलेलं. नर्स म्हणाली, "काका शेवटी सुभेदार, सुभेदार म्हणत होते. सैन्यात होते का?" पन्नास वर्षांचा संसार आणि शेवटचा शब्द बोकडाचा. सवत असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा मुलगा म्हणाला, बाबांची काय इच्छा राहिली कोण जाणे. पिंडाशेजारी बोकडासाठी फणसाचा पाला ठेवा, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. भटजींकडे बघून तिने ते गिळलं.

"तुमी आज माका सांगाच," ती म्हणते. "मरताना बोकड कसो आठवलो? बायको खंय गेली होती?"

"चाय हाडूक," सगुण म्हणतो.

आणि खरंच तिच्या हातात दोन पेले आहेत. ओटी आता इस्पितळाचा लांब व्हरांडा आहे. चहा सांडू नये म्हणून ती जपून चालते. व्हरांड्याच्या टोकाला खोली असायला हवी, तिथे बंदराचा धक्का आहे. धक्क्याला एक करडं जहाज लागलंय, चढायची फळी अजून टाकलेली. वर खलाशी रांगेत उभे आहेत आणि त्यातला एक मोठी जांभई देतो.

"ह्ये सगळे कित्याक असे उभे?"

"तुझ्यामुळे. अकरा म्हयने." आता सगुणही वैतागलाय. "जहाज सुटाच्या आधी हजेरी घेतत. हजर आसा तेणा हजर म्हणाचा. सुट्टीवर आसा तेचा दुसऱ्यान रजेवर म्हणून सांगाचा. एक जरी गप रवलो, तर फळी उचलनत नाय. शेवटचा नाव सुभेदाराचा. तो ओरडलो की समजाचा, कोण मागे रवलो नाय."

"बोकडाचा माका सांगू नकात."

"आयक तरी. त्या दिवशी मी हजेरी घेतलंय. पयला नाव तुझा. उत्तर नाय. परत घेतलंय. उत्तर नाय. मगे झिलाचा, सुनेचा. ती दोघा रजेवर, म्हणून मीच सांगितलंय. उरलो सुभेदार. तेवढ्यात ती नर्स इली. तिना शेवटचाच आयकल्यान."

"मगे माझा पण तुमीच सांगूक काय झाला?"

"तुझ्या वतीन बोलूक तू कोणाक दिलंस काय कधी?"

हेमलता फणकाऱ्याने मान वळवते. पेल्यातला चहा हिंदकळून बोटांवर येतो. तो केव्हाच निवलाय.

"पयला माझा?" ती विचारते.

"दोनदा."

अकरा महिने उराशी धरलेला राग आता ठेवायचा कुठे, ते तिला कळत नाही. रडू येतंय आणि त्या रडण्याचीच चीड येतेय. इतके दिवस हा माणूस धक्क्यावर खोळंबून उभा, आणि आपण घरात बसून त्याला नावं ठेवतोय.

मग तिच्या लक्षात येतं, की उत्तर दिलं की फळी उचलणार.

"आनी मी बोललंयच नाय तर?"

"तर थांबान. पण सुभेदारान अर्धी दोरी खाल्ल्यान. उरलेली किती दिवस पुरतली ता सांगूक येवचा नाय."

दोरीचा कंटाळा आला म्हणून की काय, सुभेदार तिच्या पदराला लागलाय. ती कोपराने त्याला ढकलते, पण तो खांबासारखा उभा राहून चावतोच आहे. "ह्येका आवरा आधी," ती म्हणते. सगुण आवरत नाही. जन्मात कधी आवरला नाही, तो आता काय आवरणार. तो खिशातून कागद काढतो, चष्मा नाही म्हणून हात लांब करून धरतो, आणि घसा खाकरतो.

"हेमलता सगुण तारी?"

खलाशी ताठ उभे राहतात. ती त्याच्याकडे डोळे भरून बघून घेते.

"रजेवर," ती म्हणते.

"किती दिवस?"

"ता मी बघीन. तुमका कसली घाई?"

सगुण हसतो. तिच्या हातातला एक पेला घेतो, निवलेला चहा एका घोटात पितो आणि फळीवर चढतो. सुभेदार त्याच्या मागोमाग जातो. वर पोचल्यावर तो एकदाच, खच्चून ओरडतो.

हेमलताचे डोळे उघडतात. शेजारणीचा रेडिओ चालूच आहे. ओटी जागच्या जागी आहे, सूप मांडीवर आहे, आणि पदराची कड चार बोटं कुरतडलेली, लाळेने ओली आहे. या वाडीत कोणाकडेच बोकड नाही.

"मेल्या, हीच बरी साडी गावली तुका," ती म्हणते.

ओला पदर तसाच कमरेला खोचून ती सूप पुढे ओढते. रजा आहे तोवर कुळीथ निवडून व्हायला हवेत.