पोत्यांत साठलेली थंडी

देवमन सिरसाट बार्शीटाकळीहून अकोल्यात आला तो हमालीसाठी. बाळापूर रोडवर एक कोल्ड स्टोरेज होतं, तिथे चिंचेची पोती वाहायचं काम. भर मे महिन्यात पाठीवर पोतं घेऊन तो पहिल्यांदा त्या जाड दारातून आत गेला आणि जागीच थबकला. मागचा हमाल ओरडला, तरी याचा पाय उचलेना. बाहेर डांबर वितळत होतं आणि इथे त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्या दिवसापासून तो तिथलाच झाला. हमालीतून मशीनरूममध्ये गेला, जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली पाने-पकडी देता देता कॉम्प्रेसरचा आवाज ओळखायला शिकला, आणि म्हातारा ऑपरेटर गेल्यावर त्याच्या जागी बसला. उन्हाळ्यात तो घरी आला की दोन्ही पोरी धावत येऊन त्याच्या सदऱ्याला गाल लावायच्या. मोर्णा नदीपलीकडचं त्यांचं घर टिनाचं. दुपारी टिन असं तापायचं, की त्याची बायको ललिता पाण्याचा माठ खाटेखाली ठेवायची आणि स्वतः खाटेशेजारी जमिनीवर ओला दुपट्टा अंथरून पडायची. देवमनला ते बघवत नसे. पण आत बाहेरचं माणूस आणायचं नाही, हा शेठचा नियम होता. त्यामुळे नवरा आयुष्यभर कुठल्या थंडीत बसतो, हे ललितानं कधी पाहिलंच नव्हतं.

पोरी लग्न होऊन गेल्या, देवमनचे केस पांढरे झाले. अशात एका फेब्रुवारीत महापालिकेची एक बाई स्कूटीवरून फाटकाशी येऊन उतरली. तिचं नाव माधवी. बाळापूरची, घरी फुलांची शेती. शहराच्या आपत्ती व्यवस्थापनाचं काम पाहायला तिला नेमलेलं होतं.

"काका, ही इमारत आमच्या आराखड्यात आहे," ती म्हणाली. "धोक्याच्या ठिकाणांत."

देवमनला ते झोंबलं. "धोका? मॅडम, मी मशीनीवर बसलो तवापासून एक डाव बी गॅस सुटला नाई."

"सुटला नाही म्हणूनच आले. सुटल्यावर कोणाला विचारत बसू?"

 तिनं विचारायला सुरुवात केली. मशीनीतला विषारी अमोनिया सुटला तर उन्हाळ्यात वारा त्याला कुठे नेईल? पावसाळ्यात कुठे? मागच्या अंगाला कोण राहतं? त्यांना कोण सांगणार, आणि ते कोणत्या रस्त्यानं पळतील? वाऱ्याचं त्यानं झटकन सांगितलं. मागच्या अंगाला वीटभट्टीच्या मजुरांची पालं आहेत, हेही सांगितलं. पण त्यांना कोण सांगणार, हा प्रश्न आला तेव्हा त्यानं पालांच्या दिशेनं पाहिलं. इतकी वर्षं त्या पालांतल्या चुलींचा धूर तो बघत होता. त्या माणसांचा आणि आपल्या मशीनीचा काही संबंध आहे, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

मग तो तिला आत घेऊन गेला. मधोमध लांबच लांब गल्ली, रुंदी एवढी की ट्रक सहज वळावा. दोन्ही टोकांना मोठी दारं आणि दोन्ही बाजूंना मालाच्या खोल्या. माधवीनं तोंडाचा स्कार्फ सोडला आणि गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिली.

"लाइट गेली तर हे किती वेळ टिकतं?" तिनं शेवटी विचारलं.

"दारं नाई उघडली तं दीड-दोन दिवस. मशीन नुसती राखन करते, मॅडम. थंडी पोत्यात अस्ते. एकडाव माल आतून थंडा झाला, का तो लवकर तापत नाई."

माधवी एका पोत्यावर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं सांगितलं ते देवमनला माहीत असूनही नवीन वाटलं. अकोल्याचा पारा सेहेचाळीसला जातो. महापालिका सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधते, पाणपोया लावते, दवाखान्यात थंड खोली तयार ठेवते. पण ज्या दिवशी सगळ्यात जास्त ऊन, त्याच दिवशी विजेवर सगळ्यात जास्त ताण. त्या दिवशी अर्ध्या गावाची वीज गेली, सगळे कूलर बंद पडले, तर टिनाच्या घरांतली म्हातारी माणसं न्यायची कुठे?

"हा प्रश्न घेऊन मी सगळं शहर फिरले," ती म्हणाली. "शाळा, मंगल कार्यालयं, सगळी बघितली. विजेशिवाय सगळी तापतात."

ही माणसं इथेच गल्लीत आणायची, या तिच्या कल्पनेवरून पुढचे दोन महिने भांडणात गेले. अग्निशामक दलाचे अधिकारी म्हणाले, ज्या इमारतीतून माणसं बाहेर काढायची, तिथेच माणसं आणून ठेवायची? हे बोलणं चूक नव्हतं. शेवटी त्यांनीच देवमनला विचारलं, गल्लीलगतच्या खोल्यांच्या पाइपातला गॅस आधी काढून घेता येतो का? येतो, देवमन म्हणाला. सगळा मागे टाकीत ओढून घ्यायचा, वॉल्व्ह बंद करायचे. खोल्या नुसत्या मालाच्या थंडीवर राहतील. दाबाचा काटा खाली येईपर्यंत एकही माणूस आत घ्यायचा नाही, हे ठरलं. शेठनं कुरकुर केली, पण हो म्हटलं. मजुरांच्या पालांपर्यंत ऐकू जाईल असा भोंगाही माधवीनं त्याच्याकडूनच बसवून घेतला.

एप्रिलात रंगीत तालीम झाली आणि पुरती फजिती झाली. बस भलत्याच फाटकावर गेली. वस्त्यांत आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी आणलेली माणसं आत बसली आणि लगेच खोकायला लागली, कारण देवमननं चुकून मिरचीच्या खोलीचं दार उघडलं होतं. सगळी गल्ली ठसक्यानं भरली. अग्निशामकवाले डोळे पुसत हसत होते. माधवी मात्र हसली नाही. "बरं झालं आज झालं," एवढंच बोलली आणि मिरचीच्या दारावर तिनं स्वतः लाल रंगानं फुली मारली.

मे उजाडला. तिसऱ्या आठवड्यात हवा अशी तापली, की पाखरं झाडाखाली पडून राहिलेली दिसत. एक दिवस जेवायच्या वेळेला सबस्टेशनमधला मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला. मोर्णेपलीकडच्या वस्त्या एका झटक्यात बंद झाल्या. वीज संध्याकाळच्या आत येणार नाही, असा निरोप आला. देवमननं डबा उघडला होता तेवढ्यात फोन वाजला.

"काका, सुरू करा."

त्यानं डबा तसाच झाकला. इथलीही वीज गेलेली, म्हणून जनरेटर लावला. एकेक वॉल्व्ह फिरवताना हात घामानं सटकत होते, म्हणून दुपट्टा गुंडाळून फिरवले. कॉम्प्रेसर पाइपांतला गॅस ओढायला लागला. काटा हळूहळू, अगदी हळूहळू खाली येऊ लागला.

आणि काटा निम्म्यावर असतानाच पहिली बस फाटकाशी आली.

देवमननं खिडकीतून पाहिलं. बसमागे शाळेची गाडी, तिच्यामागे ऑटोंची रांग. चौकात पोलीस ट्रक अडवून वाट करून देत होते. महापालिकेचा टँकर फाटकाबाहेरच्या निंबाखाली पाणी शिंपडत होता. माधवी धावत मशीनरूमच्या दाराशी आली.

"काका, एक बाई बेशुद्ध आहे बसमध्ये. भाजीवाल्या माणिकबाई. अंग भट्टीसारखं तापलंय. अॅम्ब्युलन्स निघाली आहे, पण तोवर..."

"अजून नाई, मॅडम."

"काका!"

"काटा अजून वरतेच हाये. तुमीच ठरवलं ना, का काटा खाली आल्याशिवाय कोनालेच आत घ्यायचं नाई?"

 ती मान हलवून परत धावली. निंबाखालीच माणिकबाईंना उतरवलं, नर्सनं टँकरच्या पाण्यानं लुगडं भिजवलं, दोघी आशाताई पुठ्ठ्यानं वारा घालू लागल्या. देवमनला काट्यावरून नजर काढता येत नव्हती. आजवर त्यानं हजार वेळा तो काटा पाहिला असेल. माणसं खोळंबलेली असताना तो किती सावकाश सरकतो, हे त्याला आज कळलं.

काटा टेकला. त्यानं शेवटचा वॉल्व्ह आवळला, अग्निशामकच्या जवानानं गल्लीत फिरून यंत्रानं हवा तपासली, हात वर केला. मग देवमननं दोन्ही हातांनी मोठं दार ओढलं.

चिंचेच्या खोल्यांची दारं त्यानं आधी वीतभर आणि मग थोडी थोडी करत उघडली. एकदम गारठा अंगावर घ्यायचा नाही, असं नर्सनं बजावलं होतं. माणसं आत येऊ लागली. काठी टेकत, कोणाच्या पाठीवर, कोणी खुर्चीत बसवून उचललेलं. माणिकबाईंची खाट दाराशीच ठेवली. विहाराच्या सतरंज्या होत्या, मशिदीतून आलेल्या चटया होत्या, मंगल कार्यालयाच्या गाद्या होत्या. बघता बघता गल्लीचं एक टोक भरलं, मग दुसरं.

आणि मग ते झालं, जे देवमननं आयुष्यभर रोज पाहिलं होतं. खोल्यांतली थंडी दाराखालून पांढऱ्या धुक्यासारखी बाहेर सरकली आणि जमिनीलगत पसरत गेली. बसलेल्या माणसांच्या पायांवरून, मांड्यांवरून ती वाहायला लागली. एका म्हातारीनं तिच्यात हात बुडवला. मग दुसरीनं. शे-दोनशे माणसं होती, पण आवाज म्हणून नव्हता. सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते, नदीत पाय सोडून बसल्यासारखे. कुठूनतरी एक म्हातारी फिसकन हसली आणि तिचं हसू गल्लीभर पसरलं.

देवमन दाराला टेकून उभा होता.  आपण इतकी वर्षं राखत होतो ते हे होतं? मालाशिवाय ते माणसांनाही दाखवायचं असतं, हे कसं सुचलं नाही?

"अवो," मागून आवाज आला.

ललिता होती. आपल्या वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांना हाताशी धरून ती दुसऱ्या बसनं आली होती.

"तू कशी आली?"

"कशी म्हंजे? आशाताईनं दार वाजवलं, म्हने चला. तिकडे विहाराच्या भोंग्यावरून सांगून राहिले, मशिदीच्या भोंग्यावरून सांगून राहिले, देवळाच्या बी. एकच बोलनं, शब्दाले शब्द. माह्या अंगावर तं काटाच आला. अख्खं गाव एका तोंडानं बोलून राहिलं असं वाटलं." मग ती गल्लीभर नजर फिरवत म्हणाली, "इथं बसता होय तुमी?"

 ती चपला काढून त्या पांढऱ्या थंडीत उभी राहिली, एखाद्या विहारात उभी राहावी तशी.

अॅम्ब्युलन्स आली तेव्हा माणिकबाईंनी डोळे उघडले होते. त्यांना उचलताना त्या पुटपुटल्या, "माही गाडी कोन पाहून राहिलं? सांबार सुकून जाईन ना." नर्सला रडू आलं आणि हसूही. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या सुकल्याच, पण माणिकबाई आठवड्यानं घरी गेल्या.

दिवेलागणीला वीज आली. लोकांना निघावंसं वाटत नव्हतं. एकेकाला उठवून, हात धरून गाड्यांत बसवावं लागलं. शेवटची बस गेल्यावर देवमननं वॉल्व्ह पुन्हा उघडले, मशीन लावली, आणि झाकून ठेवलेला डबा माधवीसमोर सरकवला. दोघांनी उभ्याउभ्याच एकेक भाकर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, नत्थुजी नावाचे एक गृहस्थ त्याच दुपारी आपल्या खोलीत वारले होते. एका चाळीच्या माडीवर एकटेच राहत. बस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली होती, भोंग्यांचा आवाजही तिथवर गेला असणार. पण त्यांना ऐकू कमी येत होतं आणि माडीवर कोणी राहतं, हे खालच्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

महापालिकेत बैठक झाली तेव्हा सगळ्यांनी माधवीचं कौतुक केलं. ती उभी राहिली आणि फक्त नत्थुजींबद्दल बोलली. देवमनला मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्याला वाटलं होतं, आता चार सत्कार होतील, हार घातले जातील. पण हे लोक चूक काय झाली यावरच बोलत राहिले, एकमेकांना न दुखवता, दुपार होईपर्यंत. अशीही माणसं या गावात असतात आणि ती अशा खोलीत बसून आपल्यासारख्यांचा विचार करत असतात, याचंच त्याला नवल वाटत राहिलं.

पाऊस सुरू व्हायच्या आधी माधवी गल्ल्या पायी फिरायला निघाली. प्रत्येक माडी, प्रत्येक मागची खोली. देवमननं आपली रविवारची सुट्टी या कामाला दिली. "लोक मले वयखतात," तो म्हणाला, "थंडीवाला म्हनून." ललिताही सोबत निघाली.

आपलं गाव आपल्याला माहीत आहे, असं त्याला वाटत होतं. पण दार वाजवावं आणि आतून एखादं म्हातारं माणूस भिंत धरत धरत यावं, असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं. अंथरुणाला खिळलेले, दिसत नसलेले, लेकरं पुण्याला गेलेले. एका शिलाईच्या दुकानामागे दोघी बहिणी होत्या, दोघींची कंबर वाकलेली. ज्या रस्त्यानं तो रोज सायकलवर जायचा, त्या रस्त्याच्या दारांमागं एवढी माणसं होती.

एका अंधाऱ्या जिन्यानं तो आणि ललिता वर गेले. दाराला कडी आतून होती. देवमननं दार वाजवलं. कोणी बोललं नाही. त्यानं पुन्हा वाजवलं, आता हाताच्या तळव्यानं, जोरात. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

"घाई नोका करू बाप्पा," ललिता दाराला तोंड लावून मोठ्यानं म्हणाली. "सावकाश या. आमी उभे हावो."