रणपिसेबाईंची सही

"तुमच्या कार्डावरच्या फोन नंबरात एक आकडा कमी आहे." सुनीता रणपिसे या बाईंचं मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात मी नव्याने रुजू झालो होतो आणि मोठ्या ऐटीत कार्डं वाटत सुटलो होतो. दोन महिने कोणाचाही फोन कसा येत नाही, याचा उलगडा त्या दिवशी झाला. मी ओशाळलो. बाई मात्र ख्रिस्ती रिवाजाने "सलाम, मी नगरची," म्हणत शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली.

पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडीवर ऑफिसच्या गारठ्यासाठी पुरुषी स्वेटर घालणाऱ्या. प्रोग्रामरांनी लिहिलेलं काम तपासायचं आणि त्यांची सही झाल्याशिवाय ते ग्राहकांपर्यंत जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची नोकरी. पण तपासणं ऑफिसपुरतं नव्हतं. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाड्यांवरचा भावफलक, लिफ्टमधली सूचना, रविवारी चर्चमध्ये वाटतात तो उपासनेचा कागद, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरायची. वडील नगरच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचे, त्यांच्या मांडीवर बसून ही खोड लागली म्हणे.

"प्रभूने कोणाला गळा दिला, कोणाला हात दिला," त्या म्हणायच्या. "गायनवृंदात मला कोणी घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. मला चुका दिसतात. यात माझी थोरवी काही नाही. पण दिलेलं मातीत पुरून ठेवलं, तर जाब मलाच द्यावा लागेल." म्हणून संगणक उघडण्याआधी त्या क्षणभर डोळे मिटायच्या. एवढीच त्यांची प्रार्थना, बाकी दिवसभराचं काम.

तरुणपणी पुण्याच्या ऑफिसात त्यांनी एका मुलीची चूक भरसभेत वाचून दाखवली होती. ती मुलगी नोकरी सोडून गेली. हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. "डोळे देवाने दिले होते, जीभ मात्र मलाच घडवायची होती." तेव्हापासून चूक सापडली की ईमेल नाही, सभा नाही. आधी करणाऱ्याच्या कानात. शिकणंही कधी थांबलं नाही. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सगळे पेंगत असताना बाईंच्या हातात वही. एकदा पाहिलं तर वहीत नावंच नावं. कॉफीवाल्या काकांना, सफाईवाल्या मावशींना गाठून त्या विचारून घ्यायच्या: तुमच्यात आडनाव कुठे लिहितात, बापाचं नाव कुठे येतं? मी हसलो होतो. चांभारचौकशा नुसत्या!

त्या वहीनेच मला धरलं. ग्राहकांना जाणाऱ्या पत्रांच्या प्रोग्रामचं काम माझ्याकडे होतं, सोमवारी ते सुरू व्हायचं होतं. शुक्रवारी दुपारी बाई खुर्ची ओढून हळूच म्हणाल्या, "अनिकेत, तू शेवटचा शब्द आडनाव धरलास का रे?"

"मग? आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव."

"चिनी माणसाचं आडनाव सुरुवातीला असतं. मलय माणसाला आडनावच नसतं, शेवटी बापाचं नाव असतं. आणि एका पत्त्यावर शेवटचा शब्द सारखा दिसला की तू दोघांची पत्रं एकाच पाकिटात घालतोयस. दोघांच्या बापांचं नाव एकच निघालं, तर भाडेकरूची शिल्लक घरमालक वाचेल."

पडताळणीसाठी नावं मीच बनवली होती. सगळे कुलकर्णी, देशपांडे आणि जाधव! राहतो सिंगापुरात आणि डोक्यात सदाशिव पेठ.

"मॅडम, सोमवारी जाऊ द्या. पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त करतो. इथे नोकरी करायचा माझा पास याच महिन्यात संपतोय, हिला सातवा महिना आहे. साहेबांनी शिफारस नाही केली तर बाडबिस्तरा गुंडाळावा लागेल. आपण दोघं मराठी..."

बाई म्हणाल्या, "तुझ्या पाससाठी मी प्रार्थना करीन. सही करणार नाही."

मी संतापलो. दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला सांगतो का तुमचा देव, असंही बोलून गेलो. आजही आठवलं की लाज वाटते. शनिवारी सकाळी मात्र दोन माणसांचा डबा आणि ती वही घेऊन त्या हजर. रविवारी उपासना आटोपून, चर्चची रेशमी साडी तशीच नेसून आल्या. दोन दिवस आम्ही खपलो, तरी काम पुरं होईना. निदान दोन आठवडे हवे होते.

सोमवारी सभेत आमचे साहेब मिस्टर लिम यांनी विचारलं, "सही का नाही?" सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई आपल्या चहाच्या कपाकडे बघत राहिल्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या, पण त्या बोलेनात. ती जागा त्यांनी माझ्यासाठी रिकामी ठेवली आहे, हे मला कळलं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, कुलकर्णी-देशपांड्यांसकट.

मिस्टर लिम त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "दोन वर्षं आपण एकत्र जेवतो. माझ्या नावात लिम आधी का येतं, कधी विचारलं नाहीस. नेक्स्ट टाइम आस्क फर्स्ट, ला." काम दोन आठवडे लांबलं. पास दोन वर्षांऐवजी एकाच वर्षाचा मिळाला, पण मिळाला. लेक सिंगापुरातच झाली. तिला बघायला आलेल्या बाईंनी आधी तिच्या जन्मदाखल्यावरचं नाव तपासलं.

चार वर्षांनी आईच्या आजारपणासाठी बाई नगरला परत निघाल्या. निरोपाच्या जेवणात मिस्टर लिम म्हणाले, "आता सही कोण करणार?" बाईंनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"मॅडम, काहीतरीच काय!" मी मराठीत कुजबुजलो. "मला तुमच्यासारखी नजर नाही."

"नजर मलाही नव्हती, नुसती खोड होती. घासून घासून तिची नजर केली. ती तूही करशील. पण त्या सोमवारी पास पणाला लागलेला असताना तू उभा राहिलास ना, ते शिकवून येत नाही रे. मी तुझ्या वयाची असताना मला जमलं नसतं. ते तुला वरून मिळालंय. आता 'मला नाही जमणार' म्हणशील तर ती नम्रता नव्हे, देणाऱ्याचा अपमान आहे."

मी देवळातही क्वचित जाणारा माणूस. पण त्या टेबलाशी मला माझा अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त त्यांचा. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या या बाईंना माझ्या सगळ्यांत मोठ्या चुकीत माझा गुण सापडला होता, आणि चार वर्षं त्यांनी तो माझ्यासाठी जपून ठेवला होता.