ताईची पुस्तिका मी पुसली

अकोल्याला माझ्या मोठ्या बहिणीने तीन महिने बसून टाइप केलेली वधू-वर परिचय पुस्तिका मी पुसली आणि आळ तिच्यावर येऊ दिला. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे रागाच्या भरात झाकलं जाईल.

ताई निवृत्त शिक्षिका. आमच्या बौद्ध समाजाच्या मेळाव्याची पुस्तिका दरवर्षी तिच्याकडे. मुलींचे वडील घरी येऊन सांगत, बाई, पोरीले नोकरी लागली, तेवढं बदला. ती त्यांच्यासमोरच बदलून दाखवी. तिचा जुना कॉम्प्युटर रेंगाळायला लागला म्हणून मी अमरावतीहून जाऊन त्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली टाकली. लिहायचं अ‍ॅप घेतलं ते नव्या पद्धतीचं. यात प्रत्येक अ‍ॅप आपल्या बंद खोलीत राहतं, परवानगी दिल्याशिवाय त्याला बाहेरचं काही दिसत नाही. आता काही बिघडणारच नाही, असं मी तिला ऐटीत सांगितलं होतं.

"मले पेन ड्राइव्हच दिसून नाही राहिला," टायपिंग संपून फोटो लावायची वेळ आली तेव्हा ती फोनवर म्हणाली. सगळे फोटो त्यातच. मी म्हणालो, नीट बघ. आठवडाभर मी हेच म्हणत राहिलो.

शेवटी गेलो आणि ते अ‍ॅप काढून साधं टाकायचं ठरवलं. काढताना त्याने विचारलं, डेटाही काढायचा का? कचरा असेल समजून मी 'हो' दाबलं. पुस्तिका डॉक्युमेंट्समध्ये ठेवली आहे, असं ताईने सांगितलं होतं. उघडून पाहिलं तर ते रिकामं.

संध्याकाळी समितीचे लोक आले. मी म्हणालो, ताईनं सेव्ह केलं नसेल. भाऊजी हसून म्हणाले, "लेकराइच्या वह्या तपासे, सोताची वही हरपली." समितीने पुस्तिकेचं काम दुसऱ्याला दिलं.

अमरावतीत माझ्या मशीनवर तेच अ‍ॅप टाकून पाहिलं, तेव्हा कळलं. त्या बंद खोलीत त्याचं स्वतःचं वेगळं डॉक्युमेंट्स होतं, त्याच नावाचं. ताईने तिथेच, बरोबर सेव्ह केलं होतं, आणि डेटा काढताना मी ते पुसलं होतं. दोन जागांना एक नाव देणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. सुरक्षा म्हणे. कुणाची, कुणापासून? निवृत्त बाईला तिचेच फोटो दिसू नयेत, आणि तिची तीन महिन्यांची मेहनत एका बटणाने जावी, ही कसली सुरक्षा? इंटरनेटवरच्या एका मंचावर मी हे तावातावाने लिहिलं. उत्तर आलं की वापरणाऱ्याने नीट बघावं. वाचून अंगाचा तिळपापड झाला, आणि मग आठवलं, ताईला मी हेच सुनावलं होतं.

तरी पाच महिने गप्प बसलो. त्या काळात नवी पुस्तिका निघाली. तिच्यात ताईचं नाव नव्हतं.

समितीच्या पुढच्या बैठकीला मी न बोलावता गेलो. ताई मागे बसली होती. उभा राहून म्हणालो, "पुस्तिका ताईनं सेव्ह केली होती. मी पुसली. कळल्यावरही बोललो नाही." मग तिच्याकडे वळलो. "ताई, तू पह्यल्या दिवसापासून खरं सांगून राहिली होती. मी आयकलं नाही. मले माफ कर."