मदतीचा रकाना

२०२१च्या उन्हाळ्यात कोविडमुळे मी आयर्लंडमधल्या नासला मुलाकडे अडकून पडलो होतो. आमच्याच वसाहतीतली एक सोळा वर्षांची मराठी मुलगी दर मंगळवारी तीनला यायची आणि अंगणात माझ्यापासून दोन मीटरवर तासभर बसायची. अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांच्या प्रवेशाला अजून दोन वर्षं होती, पण अर्जात समाजसेवा दाखवावी लागते म्हणून तिने आतापासूनच एक म्हातारा धरून ठेवला होता.

मी मराठीत बोलायचो, ती आयरिश वळणाच्या इंग्रजीत उत्तर द्यायची. पाऊस आला तर छत्री उघडायची, पण तास पुरा केल्याशिवाय उठायची नाही.

"माझा कंटाळा येत नाही का गं?" मी एकदा विचारलं.

"येतो ना, आजोबा," ती चक्क मराठीत म्हणाली. "पण मी ऐकतेय. तुम्ही बोला."

ऑगस्टमध्ये तिने शाळेचा फॉर्म आणला. 'विद्यार्थिनीने तुम्हाला कोणती मदत केली?' असा एक रकाना होता. मी आयुष्यात कुणाची मदत घेतलेली नाही. मी लिहिलं, 'मी स्वावलंबी आहे. मला मदतीची गरज भासली नाही.' खाली सुवाच्य सही केली.

तिने वाचलं, तिकडे 'ठीक आहे' म्हणायला म्हणतात तसं "ग्रँड," म्हणाली आणि कागद फोल्डरमध्ये ठेवला. तिचे ते तास शाळेने धरले नाहीत, असं पुढे तिच्या वडिलांनी माझ्या मुलाला सांगितलं. मी तिथेच बसलो होतो.

खरं असं की, मंगळवारी मी एक वाजताच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. बायको गेल्यापासून तसं कुणासाठी केलं नव्हतं. एवढं लिहायला रकान्यात जागा होती.