ओतीव नव्हे, घडीव

जून २०२१, शनिवार सकाळ. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराबाहेरच्या आमच्या नेमबाजीच्या रेंजवर हजर: मी, माझा नवरा, त्याच्या हॉस्पिटलातले सीनियर मराठी डॉक्टर आणि क्लबचे आयरिश सेक्रेटरी. चौघेही मास्कमध्ये.

मी जवळच्या रिंगास्किडीतल्या कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासते. म्हणून क्लबच्या रायफली तपासायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मला प्रिय होतं. आदल्या आठवड्यात क्लबची जुनी रायफल बाकावरून काँक्रीटवर पडली होती. तिचा रिसिव्हर, म्हणजे गोळी आत ढकलणारा बोल्ट ज्यात सरकतो तो अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, मी लाल रंग लावून पुसला आणि वर पांढरी पावडर मारली. भेग असती तर लाल रेघ उमटली असती. उमटली नाही.

"चालेल," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. त्यांच्या नव्या रायफलचा रिसिव्हर ठोकळ्यातून मिलिंग करून काढलेला होता, कडा अगदी आरशासारख्या. "वहिनी, तुमचं ते ओतीव, इडलीपात्रासारखं. माझं बघा, अखंड कोरलंय. कैलास लेणंच म्हणा!"

"ओतीव नाही, घडीव. दाबून घडवलेलं. त्यात धातूचे तंतू आकाराबरोबर वळतात. कोरताना ते कापले जातात."

"तंतू? वहिनी, धातू आहे, शेवग्याची शेंग नाही."

मग त्यांनी सेक्रेटरींना इंग्रजीत समजावलं की जुनी रायफल ओतीव आहे, धोक्याची आहे. सेक्रेटरींनी मान डोलावली आणि रायफलींच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून घेऊन डॉक्टरांना दिली. वर मला म्हणाले, "यू आर ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'काही काळजी नको'. नवरा बुटाच्या नाड्या न्याहाळत होता.

"सीनियर आहेत गं ते," तो गाडीत म्हणाला.

"असू देत. पडू दे त्यांची रायफल एकदा."

ऑगस्टमध्ये पडली. तोच बाक, तेच काँक्रीट. रिसिव्हरच्या मागे दस्ता बसतो तिथली कडी तडकून तुकडाच निघाला. रंग लावायचीही गरज नव्हती. सगळ्यांसमोर मी विचारलं, "डॉक्टर, इडलीपात्र देऊ का?" सेक्रेटरींनी किल्ली त्याच दिवशी माझ्या हातात ठेवली. इतकं बरं मला लॉकडाउन उठल्यावरही वाटलं नव्हतं.

आता कंपनी डॉक्टरांना रिसिव्हर बदलून देईल, पण जाणकाराचा रिपोर्ट हवा. तुकडा मी भिंगाखाली पाहिला. दोष मिलिंगच्या पद्धतीचा नाही. आतला कोपरा गोल न करता काटकोनात कापलाय, भेग तिथूनच सुरू झाली. कोपरा गोल ठेवून नीट कोरलेला रिसिव्हर कदाचित टिकलाही असता. एवढं लिहिलं की त्यांचं काम झालं.

"वहिनी, दोनच ओळी हो," काल त्यांचा पुन्हा फोन.

"बघते हं, भाऊजी."

आज इन्शुरन्स भरला, बुटांना पॉलिश केलं, फ्रिज पुसला. त्या दोन ओळी तेवढ्या अजून लिहायच्या आहेत.